जुनी मोटार आणि नवा फोन

मोटारगाडी पंधरा-वीस वर्षे चालते; खिशातला फोन तीन-चार वर्षांतच जुना होऊ लागतो. आयुष्याची लांबी अशी विषम असलेल्या या दोन वस्तूंचा संसार एकाच डॅशबोर्डवर कसा मांडावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. वरवर पाहता तो फिटरच्या दुकानातला प्रश्न वाटेल. परंतु आपल्या गावातील रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्या एकदा मोजून पाहाव्यात. त्यांत पडदे, नकाशे आणि बोलकी यंत्रे कारखान्यातूनच घेऊन आलेल्या गाड्या किती, आणि एक साधा रेडिओ किंवा कॅसेटचा टेप एवढ्यावरच रस्त्यावर आलेल्या गाड्या किती? मध्यम वर्गातील कुटुंबाने हप्ते फेडून घेतलेली, आता हप्ते संपलेली, चांगली चालणारी गाडी केवळ पडदा नाही म्हणून कोणी विकत नाही, आणि विकूही नये. आपल्या कायद्याप्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि गाडी सुस्थितीत असेल तर पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करून घेता येते. म्हणजे कायद्यानेही जुन्या गाडीला जगण्याची मुभा दिली आहे. तेव्हा तिला नव्या युगाची सोय थोड्या खर्चात कशी जोडून द्यावी, आणि ती जोडताना काय सांभाळावे, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

सांभाळण्याच्या गोष्टी तीन आहेत : गाडीची वीज, माणसाची नजर आणि प्रवासाची नोंद. पहिली चुकली तर गाडी बिघडते, दुसरी चुकली तर माणूस जातो, आणि तिसरी चुकली तर माणूस राहतो पण त्याची सत्ता जाते. पहिलीबद्दल फिटर बोलतो, दुसरीबद्दल पोलीस बोलतो, तिसरीबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. म्हणून तिन्हींचा विचार एकत्र केला पाहिजे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मोटारीत पाहुणा म्हणून आलेले पहिले बोलके यंत्र म्हणजे रेडिओ. अमेरिकेत गॅल्विन बंधूंच्या कारखान्याने १९३० साली मोटारीत बसविता येईल असा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ असे नाव दिले. पुढे हेच नाव कारखान्याचे झाले. तो रेडिओ गाडीबरोबर येत नसे. गाडी आधीची, रेडिओ नंतरचा. जुन्या गाडीला नवे यंत्र जोडण्याची ही विद्या म्हणजे काही आजची नव्हे. चालकाचे लक्ष उडेल की काय, हा वादही त्या काळीच सुरू झाला होता.

आपल्याकडे याचे सर्वांत परिचित उदाहरण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटालियन फियाटच्या नमुन्याच्या गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि त्यांतलीच एक पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीच्या वयाची मर्यादा तेथे २० वर्षांची. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतून निवृत्त झाली. या गाडीत कार्बुरेटर होता, संगणक नव्हता. इंजिनाचा आवाज कानाने ऐकून त्याचे दुखणे सांगणारे चालक याच गाडीवर तयार झाले. आणि तरीही अखेरच्या वर्षांत याच गाडीच्या डॅशबोर्डवर फोन येऊन बसला होता. ज्या गाडीची घडण फोनच्या आधी अर्धे शतक ठरली होती, तिलाही फोन जोडता आला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या टॅक्सीवरचे मीटरही आठवावे. डाव्या बाजूस, बोनेटजवळ, बाहेर बसविलेले. उतारू आत बसला की चालक हात बाहेर काढून मीटर पाडी. ते मीटर दोघांनाही दिसे, आणि त्यावर वजनमापे खात्याची मोहर असे. या मीटराकडे आपल्याला शेवटी पुन्हा यायचे आहे.

आता पहिली गोष्ट, वीज. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात. पण हा आकडा नावापुरता आहे. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण साडेबारा व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरू लागला की दाब क्षणभर दहाच्याही खाली उतरू शकतो, आणि इंजिन चालू होऊन अल्टरनेटर काम करू लागला की तो चौदाच्या आसपास चढतो. फोनला चार्जिंगसाठी सामान्यतः ५ व्होल्ट लागतात. म्हणून गाडी आणि फोन यांच्यामध्ये एक दुभाषा हवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसतो तो बोटाएवढा चार्जर म्हणजे हाच दुभाषा. तो वीज जाळून कमी करीत नाही. सेकंदाला एक लाखाहूनही अधिक वेळा प्रवाह चालू-बंद करून हवा तेवढाच दाब पुढे सोडतो. म्हणूनच हलक्या प्रतीचा चार्जर लावला की रेडिओत गुणगुण ऐकू येते. ती गुणगुण म्हणजे या चालू-बंदचा आवाज. असा चार्जर स्वस्त पडतो खरा. पण गाडीतील दाबाचा चढउतार तोही फोनपर्यंत पोहोचू देतो.

फोनमुळे बॅटरी बसते, असा एक समज आहे. त्याचे गणित करून पाहू. वेगाने चार्ज होणारा फोन १५ वॉट घेतो असे धरले, तर १२ व्होल्टच्या हिशेबाने सव्वा अँपियर, आणि घट धरून दीड अँपियर प्रवाह झाला. हेडलाइटचा एक बल्ब साधारण ५५ वॉटचा, म्हणजे साडेचार अँपियरचा. तेव्हा फोन हा एका दिव्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही भार टाकीत नाही. गाडी चालू असताना त्याची चिंता नाही. चिंता आहे ती गाडी बंद असताना चोरून वीज पिणाऱ्या यंत्रांची. रात्रंदिवस चालणारा छोटा कॅमेरा पाव अँपियर घेत असेल, तर दिवसाला सहा अँपियर-तास खर्च होतात. लहान गाडीची बॅटरी पस्तीस अँपियर-तासांची धरली, तर तीन दिवसांत तिची अर्धी शिदोरी संपली. मग सोमवारी सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो आणि दोष मात्र बॅटरीवाल्याला मिळतो. उपाय साधा : असे यंत्र किल्ली फिरविल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरीवर जोडावे.

जुन्या गाडीत वायर जोडताना फ्यूजचे मर्म समजून घेतले पाहिजे. फ्यूज यंत्राला वाचविण्यासाठी असतो, अशी पुष्कळांची कल्पना असते. वास्तविक फ्यूज वाचवितो तो वायरीला. वायर कोठे तरी पत्र्याला घासून उघडी पडली आणि गाडीच्या सांगाड्याला टेकली, की बॅटरीचा सारा प्रवाह त्या वायरीतून धावतो. ती तापते, तिचे वेष्टन पेटते आणि आग लागते. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ, तितकी त्याच्या पुढची वायर सुरक्षित. फ्यूज जर यंत्राशेजारी बसविला, तर त्याच्यामागची सगळी वायर उघड्यावर पडली. दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. उन्हाळ्यात त्या टेपेचा चीक वितळतो, टेप सुटते आणि सांधा उघडा पडतो. म्हणून सांधा डाखाचा किंवा दाबून बसविलेल्या कनेक्टरचाच असावा, एवढा आग्रह वायरमनकडे धरावा. त्याचे चार पैसे अधिक द्यावे लागले तर द्यावेत; ते आगीपेक्षा स्वस्त आहेत.

फारच जुनी गाडी असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. जुन्या काळच्या कित्येक गाड्यांची विद्युत्-योजना ६ व्होल्टची होती, आणि ब्रिटिश बनावटीच्या अनेक गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक नव्हे तर धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजचे प्रत्येक यंत्र ऋण टोक सांगाड्याला आहे असे गृहीत धरूनच बनते. अशा गाडीत ते सरळ जोडले तर त्याच क्षणी जळते. तसेच डायनॅमो असलेली गाडी सिग्नलला मंद इंजिनावर उभी असताना फारशी वीज करीत नाही, हेही हौशी माणसाने लक्षात ठेवावे.

विजेनंतर येतो आवाज. फोनमधले गाणे, किंवा ‘पुढे डावीकडे वळा’ ही सूचना, गाडीच्या स्पीकरमधून कशी ऐकावी? गाडी किती जुनी यावर याचे उत्तर अवलंबून आहे. कॅसेटचा टेप असेल, तर त्यासाठी मोठी चतुर युक्ती आहे. कॅसेटच्या आकाराचा एक डबा मिळतो. त्यात फीत नसते. फितीच्या जागी एक छोटे चुंबकीय शीर्ष असते. फितीवर जे चुंबकीय चढउतार असावयाचे, तेच हे शीर्ष फोनकडून आलेल्या संदेशावरून निर्माण करते. टेपला वाटते, समोर फीत फिरत आहे! एका यंत्राने दुसऱ्याची अशी गोड फसवणूक केलेली क्वचितच पाहावयास मिळते.

केवळ रेडिओच असेल, तर लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारे एक छोटे प्रक्षेपक यंत्र मिळते. ते फोनकडून आवाज घेते आणि एफएमच्या ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात अगदी क्षीण ताकदीने प्रक्षेपित करते. गाडीचा रेडिओ ते एखादे केंद्र समजून पकडतो. गावात ते बरे चालते. परंतु मुंबई-पुण्यासारख्या शहरांत या पट्ट्यात केंद्रांची दाटी आहे, आणि प्रवासात एका गावी मोकळी असलेली जागा दुसऱ्या गावी भरलेली निघते. मग भावगीतात मध्येच जाहिरात घुसते. गाडीच्या यंत्रावर साधे गोल ‘ऑक्स’चे छिद्र असेल, तर एका वायरीने काम भागते आणि आवाजही सर्वांत स्वच्छ येतो.

बिनतारी जोडणीचे नाव ब्लूटूथ. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास या कल्पनेवर काम सुरू झाले. तिला दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाचे टोपणनाव मिळाले, कारण त्याने विखुरलेल्या जमाती एकत्र आणल्या असे मानतात. साधारण दहा मीटरच्या परिघात ही जोडणी काम करते. खरेदी करताना एक गोष्ट विचारावी : गाणे वाहून नेण्याची रीत वेगळी आणि दुतर्फा संभाषणाची रीत वेगळी असते. काही स्वस्त यंत्रांना पहिलीच येते. दुकानदार दोन्हीला ब्लूटूथच म्हणतो, आणि तो खोटेही बोलत नाही.

आता पडदा. येथे जुन्या गाडीच्या मालकाने एका जुन्या शिस्तीचे आभार मानले पाहिजेत. मोटारीतील रेडिओसाठी डॅशबोर्डवर किती मापाचे भोक असावे, याचे प्रमाण जर्मनीच्या मानक संस्थेने १९८४ साली ठरविले : सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. पुढे हे प्रमाण आंतरराष्ट्रीय झाले. दुप्पट उंचीचेही भोक रूढ झाले. त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून फिटर लोक आजही ‘सिंगल डिन’ आणि ‘डबल डिन’ म्हणतात. या एका मापामुळे वीस वर्षांपूर्वीच्या गाडीतही आजचे यंत्र बसते. वायरींचे रंगही बहुधा ठरलेले असतात : पिवळी सदैव जिवंत, तांबडी किल्लीबरोबर जिवंत होणारी, काळी सांगाड्याची. मापे आणि रंग सगळ्यांनी मिळून ठरविले की ग्राहक कोणा एका कारखान्याचा बांधलेला राहत नाही. प्रमाणीकरण हा रुक्ष शब्द वाटतो. पण गरिबाच्या वस्तूला दीर्घायुष्य देणारा तो एक मोठा उपकारकर्ता आहे.

या भोकात बसणाऱ्या पडद्यावर आज दोन व्यवस्था चालतात. अ‍ॅपलची कारप्ले २०१४ साली जाहीर झाली. गुगलची अँड्रॉइड ऑटो त्याच वर्षी जाहीर होऊन २०१५ मध्ये लोकांच्या हाती आली. दोन्हींचे तत्त्व एकच, आणि ते समजले की अर्धा विषय समजला. विचार करतो तो फोन. पडदा केवळ दाखवितो. नकाशा फोनमध्ये, रस्त्याचा हिशेब फोनमध्ये, आवाज ओळखणेही फोनमार्फत. फोन आपले तयार चित्र तारेने किंवा बिनतारी पडद्याकडे पाठवितो, आणि आपण पडद्याला बोट लावले की त्या स्पर्शाची बातमी फोनकडे परत जाते. पडदा म्हणजे नाटकाचा रंगमंच. नट फोनमध्ये राहतो. म्हणून फोन बदलला की रंगमंच न बदलताच नवे नाटक सुरू होते.

उलट, ज्या गाड्यांत सारी हुशारी कारखान्यातच ठोकून बसविली, त्यांचे काय झाले? अमेरिकेत २०२२ साली मोठ्या दूरध्वनी कंपन्यांनी तिसऱ्या पिढीची जाळी बंद केली. त्या जाळ्यावर बोलणारी यंत्रे ज्या गाड्यांत पक्की बसविलेली होती, त्यांतल्या अनेकांची दूरसंपर्काची सोय, काहींत तर अपघातसमयी मदत मागण्याचीही सोय, एका निर्णयाने मुकी झाली. इंजिन धडधाकट, चाके धडधाकट, पण जीभ गेली. जुन्या गाडीत खिशातला फोन लावणाऱ्या माणसावर हा प्रसंग येत नाही. अर्थात त्यालाही दुसरा धक्का बसू शकतो. पडदा नसलेल्या गाड्यांसाठी फोनच्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत अँड्रॉइड ऑटो दिसेल अशी सोय गुगलने २०१६ साली केली आणि २०२२ मध्ये ती काढून घेतली. तात्पर्य, कंपनीने दिलेली सोय ही भाड्याची खोली आहे. तिच्यात राहावे, पण तिच्या भरवशावर स्वतःचे घर पाडू नये.

नकाशाबद्दलही एक गैरसमज दूर केला पाहिजे. फोन आपली जागा उपग्रहाला विचारतो, असे पुष्कळांना वाटते. तो कोणालाच विचारीत नाही. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड वेळ सांगत फिरतात. संदेश पोहोचायला लागलेल्या विलंबावरून फोन प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढतो, आणि चार उपग्रह दिसले की आपली जागा ठरवितो. याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशा आणण्यासाठी आणि पुढची कोंडी कळण्यासाठी. म्हणून घाटात जाण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला, तर जाळे नसतानाही वाट सापडते. द्रुतगती मार्गावरच्या बोगद्यात मात्र आकाशच दिसत नाही. तेथे फोन आधीच्या वेगावरून अंदाज बांधतो.

गाडीच्या पोटातले दुखणे सांगणारी सोयही फोनला जोडता येते. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना स्टिअरिंगखाली सोळा खिळ्यांचे एक ठराविक सॉकेट सक्तीचे झाले. आपल्याकडे भारत स्टेज चार या मानकांबरोबर २०१० ते २०१३ या काळात अशी व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. त्यात एक छोटे यंत्र खोचले की इंजिनाचे तापमान, फेरे आणि बिघाडाचे क्रमांक फोनवर दिसतात. मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी मालकाला काही ठाऊक असणे चांगलेच; त्यामुळे दोघांचे संभाषण बरोबरीच्या पातळीवर येते. पण क्रमांक म्हणजे निदान नव्हे. ‘पी ०३००’ याचा अर्थ सिलिंडरांत स्फोट नीट होत नाही, एवढाच. दोष प्लगचा, कॉइलचा की इंधनाचा, हे मिस्त्रीच्या हातालाच कळते. शिवाय हे सॉकेट म्हणजे गाडीच्या मज्जातंतूंचे दार आहे. २०१५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी अशाच एका खोचलेल्या यंत्राला फोनवरून संदेश पाठवून कॉर्व्हेट मोटारीच्या ब्रेकवर ताबा मिळवून दाखविला. सबब, तपासणी झाली की ते यंत्र काढून ठेवावे. दार उघडे टाकून झोपू नये.

दुसरी गोष्ट, नजर. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पडद्यावर दोन सेकंद नजर टाकली तर ३३ मीटर रस्ता आपण डोळे मिटून कापला. तेवढ्यात शाळेतून सुटलेले पोर रस्त्यावर येऊ शकते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतला प्रत्येक मृत्यू फोनचा नव्हे. पण जेथे एवढे मृत्यू होतात तेथे नव्या कारणाला जागा देण्याची चैन परवडणारी नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती होऊन गाडी चालविताना हातात धरलेल्या फोनचा वापर हा धोकादायक चालविण्यात धरला गेला. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाने वाट पाहण्यापुरता वापर मान्य केला, तोही चालकाचे चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने. पण कायद्याचे समाधान झाले म्हणजे धोका टळला असे नाही. युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेअर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, फोन हातात असो वा हात मोकळे असोत, संभाषणात गुंतलेला चालक इशारे सारखेच चुकवितो. डोळे रस्त्यावर असतात, मन मात्र दुसऱ्या घरी गेलेले असते. शेजारी बसलेला माणूस वळण आले की आपसूक गप्प होतो. फोनवरच्या माणसाला वळण दिसत नाही.

म्हणून फोन कोठे बसवावा, याला महत्त्व आहे. काचेच्या मध्यभागी नको, तेथे तो रस्ता झाकतो. एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या वाटेत नको, कारण अपघाताच्या क्षणी तो दगडासारखा तोंडावर येईल. आपल्याकडे वैशाखात काचेखाली ठेवलेला फोन इतका तापतो की तो चार्जिंग थांबवितो, आणि बॅटरीचेही आयुष्य घटते. वातानुकूलनाच्या जाळीपाशी तो थंड राहतो. मुक्कामाचे ठिकाण गाडी हलण्यापूर्वी भरावे आणि पुढे कानाने ऐकावे. मार्ग बदलायचा झाला तर गाडी कडेला घ्यावी.

आता तिसरी गोष्ट, नोंद. फोन वाट दाखवितो, आणि आपण कोणत्या वाटेने गेलो हेही लिहून ठेवतो. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये पंचवीस मोटार कंपन्यांच्या खासगीपणाच्या धोरणांची तपासणी केली. तिच्या कसोटीला एकही उतरली नाही. नव्या गाडीत नोंद करणारे यंत्र गाडीच्या अंगातच असते. जुन्या गाडीत ते आपल्या खिशात असते. परवानग्या तपासता येतात, स्थळाची नोंद बंद करता येते, आणि फोन काढून घेतला की गाडी पुन्हा फक्त गाडी होते. जुन्या गाडीचे हे एक मोठे वैभव आहे. मात्र भाड्याने गाडी घेतली किंवा आपली गाडी विकली, की पडद्यात राहिलेले फोनचे नाव, संपर्क आणि घराचा पत्ता पुसून टाकावा, एवढे पथ्य पाळले पाहिजे.

परंतु ज्याचे पोट गाडी चालविण्यावर आहे, त्याला फोन काढून ठेवता येत नाही. येथे त्या मीटराकडे वळू. मीटर गाडीच्या बाहेर होते, दोघांना दिसत होते, आणि त्याच्यावर सरकारी मोहर होती. फोन आला, तेव्हा मोजमाप गाडीतून उठून दूर कोठे तरी गेले. भाडे किती, कोणते काम कोणाला, कोणत्या चालकाला किती गुण, हे सारे जेथे ठरते ते ठिकाण ना उतारूला दिसते, ना चालकाला. चार चाके तीच, रस्ता तोच. पण डॅशबोर्डवर टेकविलेल्या त्या काचेच्या तुकड्याबरोबर मुकादम गाडीत येऊन बसला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांच्या खटल्यात नेमके हेच पाहिले. भाडे कंपनी ठरविते, अटी कंपनी घालते, काम नाकारल्यास शिक्षा कंपनी देते. म्हणून ॲप उघडून काम घेण्यास तयार असलेला चालक हा त्या वेळेपुरता कामगारच आहे, असा निकाल न्यायालयाने दिला. निकाल त्या देशाचा आणि त्या देशाच्या कायद्याचा आहे. परंतु फोन हे नुसते वाट दाखविणारे यंत्र नसून ते कामावर ठेवणारे आणि काढणारे यंत्रही असू शकते, ही गोष्ट त्याने जगापुढे स्पष्ट केली.

चालकांच्या संघटनेत काम करताना मी प्रत्येकाला एक साधी गोष्ट सांगत आलो आहे : डॅशबोर्डवर फोन असू द्या, पण दप्तराच्या खणात दोन आण्यांच्या वहीची परंपरा सोडू नका. किती वाजता निघालो, किती किलोमीटर रिकामे धावलो, किती वेळ थांबलो, हातात काय आले, हे रोज लिहावे. गाडीचा किलोमीटरचा काटा आपला आहे. त्याच्या नोंदीला कोणाची परवानगी लागत नाही. तक्रारीच्या दिवशी एका बाजूला कंपनीचे आकडे आणि दुसऱ्या बाजूला केवळ आठवण असेल, तर आठवण हरते. नोंद नोंदीशी लढू शकते. घरगुती मोटारीच्या मालकालाही हे लागू आहे. दुरुस्ती कधी केली, कोणती वायर कोठून ओढली, फ्यूज कोठे बसविला, हे एका कागदावर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. पुढचा वायरमन दुवा देईल.

खर्चाचा क्रम सांगून हे विवेचन पुरे करतो. ज्याला थोडेच पैसे घालायचे आहेत, त्याने आधी चांगला चार्जर आणि मजबूत पकड घ्यावी. त्यावर फार खर्च होत नाही. मग आवाजाची सोय. मागे पाहण्याचा कॅमेरा आणि पडदा त्यानंतर. आणि तो पडदा प्रमाण मापाचा घ्यावा, म्हणजे उद्या बदलता येईल. जुने यंत्र आणि त्याची खिळी फेकू नयेत. पडद्यासाठी मूळच्या वायरी कापू न देता मधला जोड वापरावा, म्हणजे गाडी हवी तेव्हा पूर्वस्थितीला नेता येते. आणि टायर गुळगुळीत झाले असतील, ब्रेक ओढत असतील, वायपर काच पुसत नसतील, तर पडद्याचे पैसे आधी तिकडे घालावेत. ज्या गाडीला थांबता येत नाही, तिला वाट दाखवून उपयोग नाही.

जुन्या गाडीला नवा फोन जोडणे ही गरिबीची लाज नव्हे, आणि केवळ हौसही नव्हे. चालत्या वस्तूला मोडीत न काढता तिच्यात काळाची सोय आणणे हा समंजस व्यवहार आहे. त्यात एकच अट पाळावयाची : वायर आपल्याला समजलेली असावी, नजर आपली रस्त्यावर असावी आणि नोंद आपल्या हाती असावी. मग गाडी कितीही जुनी असो, तिच्या चाकामागे बसलेला माणूस तिचा धनी राहतो.